पाचशे एमबीपीएस आणि एक काडेपेटी

आमच्या सोसायटीच्या लिफ्टमध्ये या आठवड्यात नवं पत्रक चिकटलं. 'गेमिंग करता? लॅग विसरा! आता ५०० एमबीपीएस!' रात्री तिसऱ्या मजल्यावरच्या काकांचा फोन आलाच. "अहो, शंभरचं पाचशे करून टाकू का? पोरगं 'पिंग वाढला, पिंग वाढला' म्हणून डोकं खातंय."

या सदराच्या वाचकांना माझं उत्तर तोंडपाठ असेल. करू नका.

पत्रक मी बारकाईने वाचलं. अपलोडचा आकडा कुठेच नव्हता, पिंगचा, म्हणजे सर्व्हरपर्यंत जाऊन-यायला लागणाऱ्या वेळेचा, तर नावालाही नाही. पण दोष या एकट्या कंपनीचा नाही. सरकारने २०२३ मध्ये ब्रॉडबँडची किमान पातळी ५१२ केबीपीएसवरून २ एमबीपीएसवर नेली, तेव्हाही मोजमाप ठेवलं ते डाउनलोडच्या वेगाचंच. जे मोजलं जात नाही ते सुधारायची घाई कोणाला असणार?

गेमला वेग फारसा लागतच नाही. व्हॅलोरंटचा सर्व्हर सेकंदाला १२८ वेळा खेळाची स्थिती ताजी करतो, पण त्यासाठी ये-जा करणारी डेटाची पाकिटं इतकी चिमुकली असतात की एक-दोन एमबीपीएसमध्ये सगळं भागतं. तरी काकांकडे दुपारी २५ मिलिसेकंद असलेला पिंग रात्री नऊला ४०० वर जातो. कारण नऊ वाजता काकूंचा मोबाइल चार्जिंगला लागतो आणि दिवसभरातले फोटो-व्हिडिओ क्लाउडवर चढवू लागतो, ताईची अमेरिकेतल्या ऑफिसशी मीटिंग सुरू होते आणि दारावरचा कॅमेरा तर चोवीस तास वर काहीतरी ढकलतच असतो.

वाण्याचं दुकान डोळ्यांसमोर आणा. पोराला एक काडेपेटी हवी आहे. त्याच्यापुढे महिन्याच्या सामानाची यादी घेतलेल्या बाई उभ्या आहेत: तांदूळ, तूरडाळ, पाच किलो साखर, 'तो रवा बारीक आहे का हो?' काडेपेटी द्यायला दोन सेकंद लागतात, पण बाईंचं सामान बांधून होईपर्यंत पोरगा ताटकळतो. काडेपेटी म्हणजे गेमचं पाकीट, यादी म्हणजे काकूंचे फोटो आणि काउंटर म्हणजे तुमच्या राउटरचं बाहेर जाणारं दार. आता हिशेब करा. अपलोड १० एमबीपीएस असेल आणि दारात एक मेगाबाइटची रांग साचली असेल, तर मागून आलेल्या पाकिटाला नुसतं उभं राहण्यातच ८०० मिलिसेकंद जातात. पत्रकात लिहिलेलं नसलं तरी अपलोडही पाचपट झाला असं धरलं, तरी १६० उरतात. तेवढ्यात समोरचा गोळी झाडून पुढच्या गल्लीत पोचलेला असतो.

गंमत म्हणजे हा वाणी कोणालाच 'उद्या या' म्हणत नाही. मेमरी स्वस्त झाली तशी राउटर बनवणाऱ्यांनी दुकानासमोरचं अंगण, म्हणजे बफर, वाढवत नेलं. इंटरनेटवर डेटा पाठवायचे नियम म्हणजे टीसीपी, आणि त्याचा स्वभाव असा की पाकिटं गळायला लागेपर्यंत तो वेग वाढवत राहतो. पाकीट गळलं की त्याला कळतं, फार झालं. अंगण एवढं मोठं की गळायला वेळच लागतो, तोवर रांग रस्त्यावर. हा घोळ जिम गेटीस या अभियंत्याला २०१० मध्ये स्वतःच्या घरच्या नेटवर्कवर सापडला आणि त्याने त्याला 'बफरब्लोट' म्हटलं. २०१२ मध्ये कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी 'कोडेल' हा उपाय मांडला, त्यातून 'एफक्यू-कोडेल' आलं आणि २०१८ पासून 'केक' नावाची त्याची सुधारित आवृत्ती थेट लिनक्समध्ये आहे. ही सगळी शहाण्या वाण्याची जात: काडेपेटीवाल्याला आधी मोकळं करायचं, यादीवाल्या बाईंना एकेक जिन्नस द्यायचा आणि रांग वाढली की नव्या यादीला थोपवायचं.

राउटरच्या सेटिंगमध्ये हे बहुधा 'एसक्यूएम' नावाने सापडतं. ओपनडब्ल्यूआरटी ही मोफत प्रणाली चालणाऱ्या राउटरवर ते फुकट मिळतं. कंपनीने दिलेल्या डब्यात शोधत बसू नका, त्याच्या मागे आपला राउटर जोडा. मग मोजलेल्या वेगाच्या नव्वद टक्क्यांवर मर्यादा घाला, म्हणजे रांग आपल्या दुकानात लागेल. ती कंपनीच्या गोदामात लागली तर आपला शहाणा वाणी काय करणार? काका इथेच अडले. "म्हणजे पाचशे घेतलं तरी साडेचारशेच वापरायचे?" हो. आणि स्वस्त राउटरच्या प्रोसेसरला हे काम झेपलं नाही तर तीनशेच. पोरगं मात्र जिंकेल.

आता माझं जुनं रडगाणं. बिल्डर लॉबीला इटालियन मार्बल लावतात, गच्चीवर योगा डेक बांधतात, पण हॉलपासून मुलाच्या खोलीपर्यंत लॅनची एक वायर टाकत नाहीत. बिल्डरांची मुलं गेम खेळत नसावीत, असा माझा निष्कर्ष आहे. पुरावा मागू नका. वायर नाही म्हणून वायफाय, आणि २.४ गिगाहर्ट्झवर एकमेकांवर न चढणारे चॅनल तीनच: १, ६ आणि ११. अख्खी विंग त्यांत कोंबलेली. वायर शक्य नसेल तर निदान ५ गिगाहर्ट्झ घ्या आणि राउटर शोकेसमधल्या गणपतीच्या मागून बाहेर काढा. हे मी किती वेळा लिहायचं?

सर्व्हरच सिंगापूरला असेल तर मात्र कोणाचाच इलाज चालत नाही. मुंबईपासून सरळ अंतर सुमारे ३,९०० किलोमीटर, आणि फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. जाऊन-येऊन ४० मिलिसेकंद निसर्गाचेच. 'गेम बूस्टर' अ‍ॅपवाल्यांनी हा नियम मोडून दाखवला तर मी त्यांची वर्षभराची वर्गणी भरेन.

तेव्हा आज रात्री नऊला, घरात सगळं चालू असताना, स्पीडटेस्टवर पिंगचे तिन्ही आकडे बघा: मोकळा, डाउनलोडच्या वेळचा, अपलोडच्या वेळचा. तिसरा शंभराच्या वर गेला तर नवा प्लॅन घेऊ नका, एसक्यूएम लावा. आणि कंपनीचा माणूस दारात आला की त्याला फक्त त्या तिसऱ्या आकड्याबद्दल विचारा. कोणाला सरळ उत्तर मिळालं तर मला जरूर कळवा.