वीज पाणी शुद्ध करील, पण टाकीत कोण उतरणार?



‘कारखान्याचे सांडपाणी हा इंजिनिअरचा विषय आहे, आपल्या चळवळीचा नाही’, असे आपले अनेक कार्यकर्ते म्हणतात. मला हे मान्य नाही. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब चवदार तळ्याचे पाणी प्यायले, तेव्हा लढा पाण्याला हात लावण्याच्या हक्काचा होता. आज त्याच महाडमध्ये रासायनिक कारखान्यांची एमआयडीसी आहे. पाणवठा खुला झाला, पण पाणी पिण्याजोगे राहिले का, हा त्याच लढ्यातला पुढचा प्रश्न आहे.

आपल्या वैजापूर तालुक्याच्या दक्षिण कडेने गोदावरी नाथसागराकडे जाते. नाशिक, निफाड, कोपरगाव ओलांडून ती आपल्यापर्यंत येते. या पट्ट्यात शहरे आहेत, साखर कारखाने आहेत, डिस्टिलऱ्या आहेत. उसाच्या मळीपासून एक लिटर अल्कोहोल काढताना साधारण ८ ते १५ लिटर स्पेंट वॉश तयार होतो. त्याचा सीओडी, म्हणजे सेंद्रिय घाणीचे माप, लिटरला एक लाख मिलिग्रॅमच्या आसपास जातो. नदीत सोडायच्या पाण्याची सर्वसाधारण मर्यादा २५० आहे! जिवाणूंच्या प्रक्रियेने यातली बरीच घाण जाते, पण गडद तपकिरी रंग मागे उरतो. रंग, फिनॉल, औषधे यांच्या कारखान्यांचे पाणी तर जिवाणूंनाच मारते.

इथे विद्युत-रासायनिक प्रक्रिया उपयोगी पडते. एका पद्धतीत लोखंडाच्या किंवा ॲल्युमिनियमच्या पट्ट्या सांडपाण्यात ठेवून वीज सोडतात. धातू विरघळतो, त्याचे पुंजके बनतात आणि ते रंग, तेल, घाण धरून वेगळे होतात. दुसऱ्या पद्धतीत खास लेप दिलेल्या इलेक्ट्रोडवर हायड्रॉक्सिल रॅडिकल तयार होतात आणि ते सेंद्रिय रेणू तोडतात. म्हणजे तंत्र उपलब्ध आहे. ‘इलाजच नाही’ ही सबब चालणार नाही.

परंतु तंत्र आले म्हणजे न्याय आला, असे समजू नका. पहिल्या पद्धतीत घाण नाहीशी होत नाही, तिचा गाळ होतो. दुसरीत पाणी खारट असेल तर क्लोरीनयुक्त घातक पदार्थ बनू शकतात. दोन्हीला वीज लागते. बिल वाचवायला रात्री यंत्र बंद ठेवले तर कोणाला कळणार? आणि गाळाची टाकी साफ करायला कोण उतरणार? कायम नोकरीतला इंजिनिअर की ठेकेदाराने आणलेला आपल्याच वस्तीतला पोरगा?

२०१३ च्या कायद्याने गटार आणि सेप्टिक टाकीच्या धोकादायक सफाईवर बंदी आणली. पण त्यातली सेप्टिक टाकीची व्याख्या मानवी मैल्याच्या टाकीची आहे. कारखान्याची रासायनिक टाकी तिच्यात थेट बसत नाही. विषारी वायूच्या टाकीत तपासणीचा दाखला, किंवा श्वसनयंत्र आणि दोर बांधलेला पट्टा असल्याशिवाय माणूस उतरवू नये, ही अट १९४८ च्या कारखाने कायद्याने (कलम ३६) घातली. ती आपल्या किती पोरांना माहीत आहे?

‘हा खर्च परवडत नाही’, असे मालक म्हणतात. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ च्या वेल्लोर निकालात ‘प्रदूषण करणाऱ्याने भरपाई करावी’ हे तत्त्व देशाचा कायदा म्हणून मान्य केले. न केलेला खर्च नदीकाठचा भूमिहीन मजूर आजारपणात भरतो. तो कुठल्याच ताळेबंदात दिसत नाही.

म्हणून मागण्या नेमक्या करा. यंत्राचे वीजमीटर आणि पाण्याचे अहवाल रोज जाहीर व्हावेत. गाळ यंत्रानेच काढावा. १९७४ च्या पाणी कायद्यानुसार प्रदूषण मंडळाने संमतीपत्रांची नोंदवही ठेवायची असते आणि बाधित माणसाला ती पाहता येते. ती पाहायला जा, माहिती अधिकाराचे अर्ज टाका. रसायनशास्त्र शिकलेल्या आपल्या मुलामुलींना सोबत घ्या.

१९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात होते, तेव्हा पाणी आणि वीज ही दोन्ही खाती त्यांच्याकडे होती. त्यांनी या विषयांचा सखोल अभ्यास केला. तो विषय आपण इंजिनिअरवर सोडून कसा देणार?

जय भीम!