‘स्वनातीत’ : एका चांगल्या शब्दाची हेळसांड

ता. २६ सप्टेंबर २०२५ रोजीं चंदीगड येथें मिग-२१ या लढाऊ विमानानें भारतीय वायुदलाचा निरोप घेतला. १९६३ पासून सेवेंत असलेलें हें आपल्या वायुदलाचें पहिलें स्वनातीत विमान. आणि त्याची बांधणी पुढें अनेक वर्षें नाशिकजवळ ओझर येथें होत होती. म्हणजे ध्वनीला मागें टाकणारी वस्तु महाराष्ट्राच्या भूमीवर घडूं लागल्याला अर्धशतक उलटून गेलें. परंतु तिला मराठींत काय म्हणावें याविषयीं आमच्यांत अद्याप एकवाक्यता नाहीं. एक ‘सुपरसॉनिक’ लिहितो, दुसरा ‘स्वनातीत’, तिसरा ‘ध्वन्यातीत’. बिचाऱ्या वाचकास वाटावें कीं हीं तीन निराळ्या जातींचीं यंत्रें आहेत!

पहिला आक्षेप ठरलेला : ‘सुपरसॉनिक सर्वांना समजतें, मग हा संस्कृताचा खटाटोप कशाला?’ परकी शब्दाचा विटाळ आम्ही मानीत नाहीं. टेबल, स्टेशन, तिकीट हे पाहुणे आले आणि घरचे झाले. त्यांना हुसकून लावण्याची आमची इच्छा नाहीं. परंतु टेबल हें वस्तूचें नांव आहे. बोट दाखविलें कीं अर्थ संपला. सुपरसॉनिक हें दोन वेगांच्या तुलनेचें नांव आहे. वस्तु ज्या हवेंतून जाते त्या हवेंतील ध्वनीच्या वेगाहून तिचा स्वतःचा वेग अधिक, एवढें सगळें त्या एका शब्दानें सांगावयाचें असतें. तुलना बोटानें दाखवितां येत नाहीं. ती शब्दाच्या पोटांतच असावी लागते. ‘सर्वांना समजतें’ म्हणणाऱ्या गृहस्थांनीं घरांतल्या पदवीधर मुलालाच ‘सुपरसॉनिक’ व ‘अल्ट्रासॉनिक’ यांतला फरक विचारून पाहावा. ‘एक फार जलद, दुसरें त्याहून जलद’ असें उत्तर मिळालें तर आम्हांस नवल वाटणार नाहीं. वास्तविक दुसऱ्याचा वस्तूच्या वेगाशीं कांहींएक संबंध नाहीं. सेकंदाला वीस हजारांहून अधिक कंपनें असलेला, म्हणून मनुष्याच्या कानाला ऐकूं न येणारा ध्वनि तो अल्ट्रासॉनिक. कीटकांवर जगणारें वटवाघूळ त्याच्या आधारानें अंधारांत उडतें आणि डॉक्टर त्याच्याच साहाय्यानें गर्भाची वाढ पाहतात. मराठींत त्याला ‘श्राव्यातीत’ हा शब्द आहे. ऐकण्याच्या पलीकडचें तें श्राव्यातीत, ध्वनीला मागें टाकणारें तें स्वनातीत. हे दोन शब्द शेजारीं शेजारीं फळ्यावर लिहिले कीं शिक्षकाचें अर्धें काम झालें.

‘ध्वन्यातीत’ लिहिणारांची गोष्ट वेगळी. त्यांची मराठीवर प्रीति आहे. व्याकरणाशीं मात्र ओळख नाहीं. ध्वनि आणि अतीत यांचा संधि ‘ध्वन्यतीत’ असा होतो. अति आणि अंत मिळून ‘अत्यंत’ होतें, ‘अत्यांत’ नव्हे. मग हा मधला आकार आला कोठून? ‘स्वनातीत’ या शब्दाची लय कानांत घोळत होती, ती ध्वनीला चिकटविली, इतकेंच. बरें, शुद्ध ‘ध्वन्यतीत’ म्हणावें तर जीभ अडखळते. स्वन म्हणजे ध्वनीच. शब्द आटोपशीर, संधि सरळ. मग ही वांकडी वाट कशाला?

तिसरा पक्ष अधिक विद्वान आहे, म्हणून त्याला सविस्तर उत्तर दिलें पाहिजे. हे पंडित म्हणतात, ‘गुणातीत म्हणजे गुणांच्या पलीकडचा, शब्दातीत म्हणजे जेथें शब्द पोहोंचत नाहीं तें; त्याच न्यायानें स्वनातीत म्हणजे निःशब्द! उलट अशा विमानाचा धमाका तर कानठळ्या बसवितो. सबब ध्वनिवेगातीत असा पूर्ण शब्द योजावा.’ धमाका खरा आहे. २० मे २०२० रोजीं बंगळूर शहरांत भर दुपारीं असाच प्रचंड आवाज झाला आणि लोक भयभीत झाले. तो वायुदलाच्या एका स्वनातीत चांचणी-उड्डाणाचा प्रताप होता असा खुलासा मागाहून झाला. परंतु म्हणून शब्द चुकीचा ठरत नाहीं. ज्या इंग्रजी शब्दाच्या नेमकेपणाचे गोडवे गाइले जातात त्याचा इतिहास काय सांगतो? त्याचाही मूळ अर्थ ‘ध्वनीच्या पलीकडचें’ एवढाच. वेगाचें नांव त्यांत नाहीं. किंबहुना पूर्वीं कित्येक वर्षें तो शब्द न ऐकूं येणाऱ्या कंपनांसाठींच वापरीत. एडविन आर्मस्ट्राँग यानें १९१८ सालीं योजलेल्या रेडिओ-ग्राहकाचें ‘सुपरहेटरोडाइन’ हें नांव ‘सुपरसॉनिक हेटरोडाइन’ याचाच संक्षेप होय. आणि त्या ग्राहकाचा विमानाच्या वेगाशीं सुतराम् संबंध नाहीं. पुढें विमानें ध्वनिवेगाच्या जवळ जाऊं लागलीं, तेव्हां वेगाला सुपरसॉनिक आणि कंपनांना अल्ट्रासॉनिक अशी वांटणी रूढ झाली. ती शब्दाच्या व्युत्पत्तींतून निघाली नाहीं. लिहिणारांनीं ती पाळली म्हणून टिकली. आमच्या पूर्वजांनीं ‘आगगाडी’ म्हटलें, तेव्हां जळती गाडी कोणाच्या डोळ्यांपुढें उभी राहिली नाहीं. समास थोडक्यांत बोलतो. उरलेलें रूढीनें भरावयाचें असतें.

शिवाय ‘स्वनातीत’ या शब्दांत एक सूक्ष्म सत्यही आहे. असें विमान समोरून येत असतां त्याचा आवाज आपणांकडे त्याच्या आधीं येऊंच शकत नाहीं. तें डोक्यावरून निघून जातें आणि मग धमाका पोहोंचतो. विमान स्वतःच्याच स्वनाच्या पलीकडे गेलेलें असतें! पोतराजाच्या आसुडाचा कडाका हाही याच जातीचा. कारण आसुडाचा शेवट क्षणभर ध्वनीहून अधिक वेगानें जातो. तेव्हां ज्याला परदेशी चमत्कार म्हणतात तो आमच्या गांवच्या चव्हाट्यावर पूर्वींपासून वाजत आला आहे.

परंतु शब्द राखावयाचा तर तो जबाबदारीनें वापरला पाहिजे. आणि येथें आमचें खरें भांडण ‘स्वनातीत’ लिहिणारांशींच आहे. ‘स्वनातीत म्हणजे ताशीं १,२२५ किलोमीटरांहून अधिक’ असें ठोकून देणें हें अज्ञान होय. हवेंतील ध्वनीचा वेग तिच्या उष्णमानावर अवलंबून असतो. समुद्रसपाटीस, १५ अंश उष्णमानांत, तो ताशीं सुमारें १,२२५ किलोमीटर असतो, तर ११ किलोमीटर उंचीवरील गारठ्यांत सुमारें १,०६२. १४ ऑक्टोबर १९४७ रोजीं चक येगर यानें बेल एक्स-१ विमानांतून ध्वनिवेग ओलांडला, तेव्हां त्याचा वेग ताशीं सुमारें १,१२७ किलोमीटर होता. सुमारें १३ किलोमीटर उंचीवर तो स्वनातीत होता. तोच वेग समुद्रकांठीं स्वनातीत ठरला नसता! म्हणूनच वैमानिक एर्न्स्ट माख या शास्त्रज्ञाच्या नांवाचा माख अंक सांगतात. वस्तूच्या वेगास तेथल्या ध्वनिवेगानें भागावें; उत्तर एकाहून अधिक आलें कीं गति स्वनातीत.

दुसरा प्रमाद ‘ध्वनीपेक्षां तिप्पट अधिक’ हा. ध्वनीच्या तिप्पट म्हणजे माख ३. तिपटीनें अधिक म्हणजे माख ४. तिसरा प्रमाद, ध्वनीची भिंत फुटतांच एकदां धमाका होतो आणि संपतो, ही समजूत. विमान स्वनातीत असेतोंपर्यंत तो धमाका आपल्यामागून ओढीत नेतें, आणि वाटेंतल्या प्रत्येक गांवाला तो ज्याच्या त्याच्या वेळीं ऐकूं येतो. १९७६ पासून २००३ पर्यंत उतारूंची ने-आण करणाऱ्या काँकर्ड विमानाला लोकवस्तीवरून जातांना वेग आवरावा लागे तो यासाठींच.

हा शब्दच्छल नव्हे. ‘मराठींत शास्त्र शिकवितां येत नाहीं’ असें म्हणून आज सुशिक्षित घरांतला बाप मुलाला मराठी शाळेंतून काढतो. त्याला दोष देण्यापूर्वीं आम्ही स्वतःकडे पाहावें. जेथें एका कल्पनेला तीन नांवें आणि एका नांवाला चार अर्थ, तेथें शास्त्र खरोखरच शिकवितां येत नाहीं. मात्र तो भाषेचा दोष नसून तिच्या लेखकांचा आहे. माख ५ च्या पुढील गतीच्या वार्ता आतां येतच आहेत, आणि तिच्यासाठींही शब्द लागेल. पण पहिलीच पायरी डळमळीत असेल तर दुसरी कशावर रचावयाची? संपादकांनीं, पाठ्यपुस्तकें लिहिणारांनीं आणि शिक्षकांनीं वेगासाठीं ‘स्वनातीत’ व कंपनांसाठीं ‘श्राव्यातीत’ एवढी एक शिस्त दहा वर्षें पाळावी. शब्द घडविण्याचें कष्ट दुसऱ्या कोणीं केव्हांच केले आहेत. आपल्या वांट्याला फक्त ते न बिघडविण्याचें काम आलें आहे.