मुखपृष्ठ नसलेले पुस्तक

शहापुराहून किन्हवलीमार्गे मुरबाडकडे जाणाऱ्या रस्त्यावर, माहुलीचे सुळके मागे पडले की, एक लहानसे गाव लागते. गावात शाळा आहे, मारुतीचे देऊळ आहे आणि देवळाच्या बाजूच्या खोलीत एक वाचनालय आहे. सेवानिवृत्त झाल्यापासून प्रत्येक महिन्याच्या शेवटच्या रविवारी मी तेथे जातो, कारण त्या दिवशी तेथे वाचकांची सभा भरते. महिनाभर एकच पुस्तक या घरातून त्या घरात फिरते आणि सभेत ज्याने त्याने त्याविषयी आपले मत सांगायचे, असा तेथील परिपाठ आहे.

गतवर्षी भातलावणी आटोपल्यावर जी सभा भरली, तिच्यासाठी पुस्तक निवडण्याची पाळी मुलांची होती. त्यांनी कपाटाच्या तळातून एक जुनी कादंबरी ओढून काढली. तिची दुर्दशा वाळवीने नव्हे, तर वाचकांनीच केली होती. मुखपृष्ठ गेलेले, त्याच्या मागची दोन पाने गेलेली, आणि उरलेल्या पानांचे कोपरे झिजून गोल झालेले! त्यामुळे कादंबरीचे नाव काय आणि लेखक कोण, हे कोणालाच सांगता येईना. कथा मात्र शाबूत होती. एका लग्नघरातून मोत्यांचा कंठा नाहीसा होतो. वधूची मैत्रीण आणि वराकडील एक तरुण, अशा दोघांवर आळ येतो. दोघेही एकमेकांस चोर समजतात, एकमेकांवर पाळत ठेवतात, आणि पाळत ठेवता ठेवता एकमेकांच्या प्रेमात पडतात. कंठा कोणी नेला, ते मी सांगणार नाही.

सभेच्या दिवशी प्रथम बोलावयास उठले ते गावचे निवृत्त तलाठी. सारा गाव त्यांना भाऊसाहेब म्हणतो. ते म्हणाले, "असली पुस्तके म्हणजे वेळेचा निव्वळ अपव्यय. ज्ञानेश्वर, तुकाराम ज्या भाषेत होऊन गेले, त्या भाषेत मुलांनी हे वाचावे काय?" त्यांचा आवाज भारदस्त आहे, सभेत क्षणभर शांतता पसरली. तेवढ्यात मागून एका आजींनी विचारले, "भाऊसाहेब, मग कंठा कोनी नेला हो?" भाऊसाहेब गडबडले. त्यांनी पुस्तक केवळ चाळले होते. सभेत हशा पिकला.

मी मात्र हसलो नाही. मला हसण्याचा अधिकारच नव्हता. मुलांनो, त्याचे कारण तुम्हांला सांगितले पाहिजे.

पस्तीसएक वर्षांपूर्वी मी नवा शिक्षक होतो. मराठी घेऊन एम. ए. झालो होतो आणि त्या पदवीचा ताठा माझ्या अंगी पुरेपूर होता. एके दिवशी इयत्ता आठवीच्या वर्गात व्याकरण शिकवीत असताना शेवटच्या बाकावरचा एक मुलगा मांडीवर काहीतरी ठेवून वाचीत असलेला मला दिसला. तो डोंगराच्या पायथ्याच्या एका ठाकरवाडीतून दोन कोस चालत शाळेत येई. मी जवळ जाऊन पाहिले, तो मांडीवर रहस्यकथा! मी ती हिसकावून घेतली. "रद्दी वाचणाऱ्याचे डोकेही रद्दीच होते," असे काहीसे बोललो आणि पुस्तक माझ्या कपाटात टाकून कुलूप लावले. पुढे मी ते विसरूनही गेलो.

ते पुस्तक वाचनालयाचे होते. मुलाने ते परत केले नाही म्हणून वाचनालयाने त्याच्याकडून किंमत मागितली. माझ्याकडे येऊन ते मागण्याचे धैर्य त्याला झाले नाही. उन्हाळ्याच्या सुटीत रस्त्यावर करवंदे विकून त्याने ते पैसे भरले, आणि त्यानंतर वाचनालयाची पायरी तो पुन्हा चढला नाही. हे सारे मला दोन वर्षांनी कळले. तोपर्यंत तो शाळा सोडून गेला होता. व्याकरणाच्या तासाला दुसरे पुस्तक वाचणे ही चूक खरी, आणि तिच्याबद्दल त्याला बोलणे हे माझे कर्तव्यही खरे. परंतु मी पुस्तकाला रद्दी म्हणालो होतो, आणि त्या पुस्तकाचे एक पानही मी वाचलेले नव्हते! त्या मुलाने निदान अर्धे वाचले होते. आम्हां दोघांपैकी मत देण्याचा अधिकार कोणाला होता, याचे उत्तर तुम्हीच द्या.

माझ्यासारख्यांची परंपरा मोठी आहे. मराठीत कादंबरीचा जन्म होतो न होतो, तोच तिच्यावर टीका सुरू झाली. १८६१ मध्ये लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची 'मुक्तामाला' प्रसिद्ध झाली. पति-पत्नींची ताटातूट, दुष्टांची कपटकारस्थाने आणि अखेरीस पुनर्भेट, असा तिचा मामला. तिच्या मागोमाग तशाच अद्भुत कादंबऱ्यांची रीघ लागली. तेव्हा १८७२ मध्ये काशीनाथ बाळकृष्ण मराठे यांनी नावल आणि नाटक यांविषयी एक निबंध लिहून या असंभाव्य गोष्टींचा चांगलाच समाचार घेतला. परंतु एक भेद ध्यानात ठेवा. मराठ्यांनी त्या कादंबऱ्या वाचल्या होत्या, आणि त्यांत काय खटकते ते नेमके सांगितले होते. त्यांचे मत आपल्याला पटो वा न पटो, ते मत होते. माझे ते मत नव्हते, तो केवळ दरारा होता.

पुढच्या काळात हा रहस्याचा संसार ज्यांनी मराठीत थाटला, ते बाबुराव अर्नाळकर. ते १९९६ साली वारले. मुंबईत चष्म्यांचे दुकान चालविणाऱ्या या गृहस्थांनी एक हजाराहून अधिक छोट्या रहस्यकथा लिहिल्या. त्यांचे झुंजार, धनंजय आणि काळा पहाड हे नायक घराघरांत ठाऊक होते. झुंजार संकटातही थट्टामस्करी सोडीत नाही, आणि त्याच्या धाडसांत त्याची विजयाही असते. म्हणजे रहस्य, विनोद आणि प्रेम यांचे तेथे एकत्र नांदणे होते. समीक्षकांनी अर्नाळकरांची फारशी दखल घेतली नाही. परंतु ज्यांना वाचनाची गोडी प्रथम त्यांच्या पुस्तकांनी लागली, अशी वडीलधारी माणसे तुमच्याही घरी असतील, विचारून पाहा. आमच्या त्या मुखपृष्ठहीन कादंबरीविषयीही सभेत दोघे-तिघे ठामपणे म्हणाले, "ही अर्नाळकरांचीच!" तसा पुरावा काही नव्हता. त्या वळणाचे पुस्तक दिसले की आमच्याकडे ते त्यांच्याच नावावर चढते. मला वाटते, समीक्षकांनी न दिलेला मान वाचकांनी या रीतीने दिला आहे.

आता सभेकडे वळू. भाऊसाहेबांच्या मागून एक मुलगा उठला. "मला पुस्तक फार आवडले," एवढे बोलून तो खाली बसला. मी विचारले, "काय आवडले?" तो म्हणाला, "सगळेच." त्याचे मत आणि भाऊसाहेबांचे मत वरवर पाहता परस्परविरुद्ध होते, परंतु दोहोंच्या पोटात काहीच नव्हते. आंबा गोड आहे एवढे म्हटल्याने तो हापूस की रायवळ, ते कोणाला कळणार? हलके पुस्तक म्हणजे हीन पुस्तक नव्हे. परंतु त्याविषयीचे मतही हलके असले तरी चालेल, असा त्याचा अर्थ होत नाही.

मग एस. टी.तून निवृत्त झालेले एक वाहक बोलले. चोर कोण, हे आपण मध्यावरच ओळखले होते, असे ते अभिमानाने म्हणाले. कसे ओळखले, म्हणून विचारता ते उत्तरले, "जो माणूस सर्वांना मदत करायला धावतो आणि ज्याच्याकडे कोणी पाहत नाही, तोच असतो. गाडीत पाकीटमारही तसाच असतो." हे मत ऐकण्याजोगे होते. त्यात पुस्तक होते आणि चाळीस वर्षांचा प्रवासही होता.

मघाच्या आजींना वाचता येत नाही. त्यांच्या नातीने रोज रात्री त्यांना दोन प्रकरणे वाचून दाखविली होती. शेजारपाजारची पोरेही ओटीवर गोळा होत. आजी म्हणाल्या, "सगळा शोध त्या पोरीनं लावला. मंग शेवटाला चोर आला तवा ती कोपऱ्यात उभी राहून रडती कशाला? लेखक तिला इसरला." मी एम. ए.च्या अभ्यासात पात्रचित्रणावर पुष्कळ वाचले आहे. नायिकेच्या स्वभावातील ही विसंगती माझ्या मात्र ध्यानात आली नव्हती.

प्रेमाचा विषय निघताच मुले एकमेकांकडे पाहून हसू लागली. एक गृहस्थ म्हणाले की, रहस्यकथेत प्रेम आले की तपास खोळंबतो. हा वाद फार जुना आहे आणि सातासमुद्रापलीकडचा आहे. एस. एस. व्हॅन डाइन या अमेरिकन लेखकाने १९२८ मध्ये रहस्यकथेचे वीस नियम प्रसिद्ध केले. त्यांतला तिसरा नियम असा की, अशा कथेत प्रेमप्रकरण असू नये. त्याच वर्षी इंग्लंडातील डॉरोथी सेयर्स या लेखिकेनेही रहस्यकथेत प्रेम जितके थोडे तितके बरे, असा अभिप्राय दिला. गंमत पुढेच आहे. याच बाईंनी पुढे आपला गुप्तहेर पीटर विम्झी याला एका रहस्यकथालेखिकेच्या प्रेमात पाडले आणि १९३७ मध्ये त्या दोघांच्या लग्नानंतरच्या प्रवासावर कादंबरी लिहिली. ही प्रेमकथा असून तपास तिच्यात मध्ये मध्ये व्यत्यय आणतो, असे तिच्या उपशीर्षकातच त्यांनी कबूल करून टाकले! मत बदलणे हा काही गुन्हा नव्हे. आमच्या कादंबरीत तर प्रेम काढून टाकले असते, तर दोघांनी एकमेकांवर ठेवलेली पाळत निव्वळ पोलिसी राहिली असती आणि हसू येण्याजोगे काही उरलेच नसते.

सर्वांत शेवटी आजींची नात उठली. ती इयत्ता सातवीत आहे. हातात वहीचा एक कागद होता. ती म्हणाली, "गुरुजी, मला पुस्तक आवडले, पण लेखकाने एके ठिकाणी लबाडी केली आहे. पाचव्या प्रकरणात नायकाला एक चिठ्ठी सापडते. तो ती वाचतो, हसतो आणि खिशात घालतो. चिठ्ठीत काय होते, ते आपल्याला शेवटच्या प्रकरणातच सांगतात. मला ती चिठ्ठी वाचायला मिळाली असती, तर मीही चोर ओळखला असता. मी हरले नाही. मला खेळायलाच दिले नाही."

मी थक्क झालो. व्हॅन डाइनचा पहिला नियम हाच आहे की, रहस्य उकलण्याची संधी गुप्तहेराला जेवढी, तेवढीच वाचकालाही मिळाली पाहिजे. सारे धागेदोरे त्याच्यापुढे उघड मांडले पाहिजेत. या मुलीने त्या लेखकाचे नावही ऐकलेले नव्हते. तिने पुस्तक लक्षपूर्वक वाचले, ज्या जागी मन अडखळले तेथे ती थांबली, आणि का अडखळले याचा शोध घेतला. प्रेम नको हा तिसरा नियम लेखकांनी पुष्कळदा मोडला, आणि वाचकांनी ते आनंदाने चालवून घेतले. पहिला नियम मोडला की मात्र सातवीतली मुलगीही जाब विचारते.

वाचकाच्या मताला लेखक भितात, हेही तुम्ही जाणून असा. आर्थर कॉनन डॉइलला आपल्या ऐतिहासिक कादंबऱ्या अधिक मोलाच्या वाटत. शेरलॉक होम्सचा त्याला कंटाळा आला होता. म्हणून १८९३ मध्ये त्याने एका कथेत होम्सला मारून टाकले. वाचक इतके संतापले की, अनेकांनी ती कथा छापणाऱ्या मासिकाची वर्गणीच बंद केली. अखेर १९०३ मध्ये होम्सला जिवंत करून परत आणणे डॉइलला भाग पडले. होम्सचे काय थोर आहे, हे त्या वाचकांनी कदाचित शब्दांत सांगितले नसेल. परंतु त्यांनी पुस्तके वाचली होती, एवढे खास.

सभा संपण्यापूर्वी एक नवा प्रश्न निघाला. रहस्यकथेविषयी मत द्यावे, तर रहस्य फुटते. न द्यावे, तर सभा कशासाठी? बराच खल झाल्यावर असे ठरले की, पुस्तकाच्या पाठीमागे कोरे कागद शिवावेत, आणि ज्याने शेवटचे पान वाचले असेल त्यानेच तेथे लिहावे. पुढे मुलांनी नव्या जाड कागदाचे मुखपृष्ठ चिकटविले. त्यावर नाव काय घालावे, यावर मात्र अद्याप एकमत नाही. पहिला अभिप्राय त्या मुलीचा आहे. दुसरा आजींचा, नातीच्या हस्ताक्षरात.

ते पुस्तक सध्या भाऊसाहेबांकडे आहे. परत करण्याची मुदत उलटून तीन आठवडे झाले. ग्रंथपालाने निरोप पाठविला, तेव्हा पाचव्या प्रकरणाशी काही काम आहे, असे उत्तर आले.