एक्स्प्लेनर : 'रेन' आणि 'रेनवॉटर' यात फरक काय? सोलापूरकरांसाठी तो ४० हजार लिटरचा आहे

जून जवळ आला की 'रेनवॉटर हार्वेस्टिंग' हा शब्द सगळीकडे दिसू लागतो. फ्लॅटच्या जाहिरातीत, सोसायटीच्या ग्रुपवर, शाळेच्या निबंधात. यातल्या 'हार्वेस्टिंग'वर बोलणारे पुष्कळ आहेत. 'रेनवॉटर'कडे मात्र कुणी पाहत नाही. तो शब्द नीट समजला तर पुढचं निम्मं काम सोपं होतं, असं माझं मत आहे.

शब्दकोश उघडला तर 'पाऊस म्हणून पडलेलं पाणी' एवढाच अर्थ मिळतो. मग 'रेन' म्हणजे तरी दुसरं काय? फरक आहे तो 'पडतंय' आणि 'पडलं' यातला. आकाशातून खाली येत असतं तोवर 'रेन'. पिंपात, गच्चीवर, टाकीत किंवा खड्ड्यात साचलं की 'रेनवॉटर'. म्हणून इंग्रजीत 'इट इज रेनिंग' म्हणतात, 'रेनवॉटर पडतंय' असं कुणी म्हणत नाही. उलट झाडांना घालायचं किंवा प्यायचं असेल तर ते 'रेनवॉटर'च. शब्द एकसंध लिहायचा. जुन्या पुस्तकांत मध्ये छोटी रेघ दिसते आणि सरकारी कागदांत अनेकदा तो तोडून दोन शब्द केलेले असतात. पाण्यासारखाच हा न मोजता येणारा शब्द, त्यामुळे त्याच्या आधी 'अ' लागत नाही.

याच घरातला तिसरा शब्द 'रेनफॉल'. हे माप आहे आणि ते मिलिमीटरमध्ये येतं. 'शहरात ४० मिलिमीटर पाऊस' ही बातमी आम्ही दर पावसाळ्यात देतो. त्याचा अर्थ असा, की पडलेलं पाणी वाहिलं, मुरलं किंवा उडून गेलं नसतं तर सपाट जागेवर ४० मिलिमीटर उंच थर उभा राहिला असता. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे बरोबर एक लिटर पाणी. इंजिनीअरिंगच्या चार वर्षांतलं जे थोडं अजून उपयोगी पडतं, त्यात हे वाक्य आहे.

चौथा शब्द 'स्टॉर्मवॉटर'. वादळाशी त्याचा संबंध असलाच पाहिजे असं नाही. रस्त्यावरून, अंगणातून वाहत गटारीकडे निघालेलं पावसाचं पाणी म्हणजे स्टॉर्मवॉटर. म्हणजे एकाच थेंबाचं तीनदा बारसं होतं : हवेत असताना रेन, छतावर रेनवॉटर, रस्त्यावर आला की स्टॉर्मवॉटर. पुढे ड्रेनेजच्या चेंबरमध्ये शिरला की त्याला सांडपाणी म्हणतात आणि मग तो आपल्याला नकोसा होतो. हा सगळा प्रवास काही मिनिटांचा असतो.

मराठीत या सगळ्याला आपण 'पावसाचं पाणी' म्हणून मोकळे होतो. पण आपल्याकडे शब्द नव्हते असं नाही. छताच्या कडेवरून गळणाऱ्या धारा म्हणजे पागोळ्या. त्या जिथे पडतात ती वळचण. सोलापूर भागातल्या माळवदाच्या घरांना पाणी बाहेर फेकणारी पन्हाळ असायची. वळचणीचं पाणी आढ्याला जात नाही, ही म्हण आजही वापरली जाते. फक्त वळचण म्हणजे काय ते विचारलं तर माझ्या वयाचे अनेकजण गुगल उघडतील. स्लॅब आले, पन्हाळीच्या जागी पीव्हीसी पाइप आला आणि तो थेट गटारीत सोडला गेला. त्याबरोबर शब्दही गेले. त्यांच्या जागी 'पर्जन्यजल संधारण' आला, पण तो फलकावरून घरात काही उतरला नाही.

आता सोलापूरचं पाहू. हे शहर साठवलेल्या पाण्यावरच उभं आहे. बाराव्या शतकातल्या सिद्धरामेश्वरांशी नाव जोडलेला सिद्धेश्वर तलाव आहे, १८७१ मध्ये पूर्ण झालेला एकरुख म्हणजे हिप्परग्याचा तलाव आहे. आज भिस्त उजनीवर. पाणी शंभरावर किलोमीटरवरून येतं आणि तरी काही दिवसांआडच येतं. जुलैत आपण सोलापूरच्या आकाशापेक्षा 'दौंडचा विसर्ग किती' हे जास्त बघतो, कारण उजनी भरतं ते मुख्यतः पुणे जिल्ह्यातल्या घाटमाथ्यावर पडलेल्या पावसानं. २०२४ च्या उन्हाळ्यात हेच धरण उणे ५० टक्क्यांच्याही खाली गेलं होतं. म्हणजे भीमाशंकर, लोणावळ्याकडचं रेनवॉटर आपल्याला टीएमसीत तोंडपाठ, आणि स्वतःच्या गच्चीवरचं लिटरमध्येही माहीत नाही.

ते काढणं अवघड नाही. सोलापूरचा वार्षिक पाऊस साधारण ५५० मिलिमीटर धरा. एक हजार चौरस फुटांची गच्ची म्हणजे ९३ चौरस मीटर. गुणाकार ५१ हजार लिटरच्या आसपास. उडणारं, सांडणारं वगळून ८० टक्के धरलं तरी ४० हजार लिटर. माणशी रोज १३५ लिटर या सरकारी निकषानं पाच जणांच्या घराला हे पाणी दोन महिने पुरतं. एवढी मोठी टाकी कुणी बांधणार नाही, हे मान्य. पण हेच पाणी बोअरजवळच्या शोषखड्ड्यात सोडायला लागतो एक पाइप, एक गाळणी आणि दगड-वाळू भरलेला खड्डा.

राज्याच्या एकत्रित बांधकाम नियमावलीत ५०० चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या प्लॉटवर ही व्यवस्था बंधनकारक आहे. ती न केल्यास बांधीव क्षेत्राच्या दर १०० चौरस मीटरमागे वर्षाला हजार रुपयांपर्यंत आकारणी होऊ शकते. रक्कम इतकी किरकोळ आहे, की नियम पाळण्यापेक्षा ती भरणंच परवडावं. आणि शहरातल्या पेठांमध्ये ५०० चौरस मीटरचे प्लॉट आहेत कुठे? दाटीवाटीची हजारो छोटी छतं या नियमात येतच नाहीत. माझी सूचना साधी आहे. घरपट्टीसाठी प्रत्येक घराचं मोजमाप महापालिकेकडे असतंच. त्यावरून बिलावर एक ओळ छापावी : 'आपल्या छतावर वर्षाला अंदाजे इतके लिटर पाणी पडते.' त्याला फक्त शाईचा खर्च आहे.

ज्यांना यंदाच सुरुवात करायची आहे त्यांच्यासाठी : पहिल्या एक-दोन पावसांचं पाणी साठवू नका. त्यात गच्चीवरची धूळ आणि पक्ष्यांची घाण असते. त्यानंतरचं स्वच्छ पिंपात धरा, झाकण लावा, डास होऊ देऊ नका. प्यायला थेट वापरू नका. कपडे धुऊन बघा. बोअरच्या जड पाण्यात साबणाचा फेस होत नाही, या पाण्यात लगेच होतो.