पहिल्या तासाचा कागद

महाविद्यालयांची दारे पुन्हा उघडली की येळ्ळूर, उचगाव, खानापूर, निपाणी या भागांतील शेकडो मुलेमुली पदवीच्या वर्गात येऊन बसतात. दहावीपर्यंतचे शिक्षण मराठीतून झालेले, पुढची दोन वर्षे इंग्रजीशी झुंज देण्यात गेलेली, आणि पुष्कळांच्या घराण्यात महाविद्यालयाचा उंबरठा ओलांडणारी ही पहिलीच पिढी. अशा विद्यार्थ्याच्या हाती पहिल्या तासाला काय पडते? बहुधा काहीच नाही. फळ्यावर विषयाचे नाव, दोन ग्रंथकारांची नावे आणि ‘बाकीचे पुढे पाहू’ हे आश्वासन! सीमाप्रश्नाला वाहिलेल्या या स्तंभात आज असा क्षुल्लक विषय कशाला, असे काही वाचकांस वाटेल. तो क्षुल्लक नाही, असे आमचे मत आहे.

विद्यापीठाचा अभ्यासक्रम छापलेला असतो, हे आम्हांस ठाऊक आहे. धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाचा असो वा २०१० साली बेळगावात स्थापन झालेल्या राणी चन्नम्मा विद्यापीठाचा असो, अभ्यास मंडळ तो ठरवते, त्यात घटकांची नावे असतात, संदर्भग्रंथांची लांबलचक यादी असते. प्राध्यापकाला त्यात काना-मात्रा बदलता येत नाही आणि हीच सबब पुढे करून तो हात झटकतो. पण तो छापील कागद म्हणजे विद्यापीठाने शिक्षकाशी केलेला करार झाला. शिक्षकाने विद्यार्थ्याशी केलेला करार कोठे आहे? मूल्यांकन समिती येणार असली म्हणजे पाठनियोजनाच्या वह्या पुष्कळ ठिकाणी घाईघाईने भरल्या जातात. त्या तपासनिसांच्या डोळ्यांखालून जातात. ज्याच्यासाठी ते नियोजन, त्याला त्या कधी दिसत नाहीत.

आम्ही पदवीच्या वर्गात असताना आमच्या एका प्राध्यापकांनी पहिला घटक तीन महिने रंगवून रंगवून शिकवला. वक्तृत्व अप्रतिम, आम्ही भारावून जात असू. उरलेले चार घटक अखेरच्या पंधरवड्यात उरकले गेले आणि प्रश्नपत्रिकेने नेमके तेच विचारले. शहरातील ज्या मुलांपाशी थोरल्या भावाच्या वह्या होत्या, ती तरली. आमच्या बाकावर बसणारा खेड्यातला सोबती नापास झाला आणि शेतावर परतला. त्याची बुद्धी आमच्यापेक्षा कमी नव्हती. कोणता घटक किती गुणांचा आणि तो केव्हा शिकवला जाईल, एवढे जून महिन्यात कोणी लिहून दिले असते, तर त्याने तो आपला आपण वाचला असता.

म्हणून प्राध्यापकांकडे आमचे मागणे साधे आहे. कोणत्या आठवड्यात कोणता घटक. यादीतील पंधरा ग्रंथांपैकी खरोखर वाचावयाचे कोणते, त्यांतील कोणते प्रकरण, आणि ते पुस्तक महाविद्यालयाच्या ग्रंथालयात आहे की नाही. अंतर्गत गुण कशाला, निबंध केव्हा द्यावयाचा, उशीर झाल्यास काय. आणि वर्गाबाहेर प्राध्यापक कोणत्या वेळी भेटतील, हे सारे एका कागदावर मावते. शेवटची गोष्ट लाजऱ्या मुलाला फार मोलाची. लिहिलेली वेळ असली की तो दार ठोठावतो. नसली की जिन्यावरूनच परत फिरतो.

याखेरीज सीमाभागातील प्राध्यापकाने आणखी एक पान जोडले पाहिजे, ते परिभाषेचे. घटनेच्या ३५०-अ कलमाने मातृभाषेतून शिक्षणाची सोय सांगितली ती प्राथमिक शाळेपुरती; महाविद्यालयाविषयी ते कलम मौन पाळते. २०२१ मध्ये कर्नाटक सरकारने पदवीला कन्नड सक्तीचे करणारा आदेश काढला, तेव्हा त्याला उच्च न्यायालयात आव्हान मिळाले. पण मराठी पारिभाषिक शब्दांचे एक पान वाटण्यास कोणत्याही न्यायालयाची अनुज्ञा लागत नाही! अर्थशास्त्रातील ‘इलॅस्टिसिटी’ म्हणजे लवचीकता, हे एकदा कळले की इंग्रजी व्याख्या घोकण्याची गरज उरत नाही. महाराष्ट्राच्या भाषा संचालनालयाने विषयवार परिभाषा कोश काढले आहेत. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी वाईत उभा केलेला मराठी विश्वकोश आज संगणकावर विनामूल्य वाचता येतो. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्राने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला, त्याचे पेढे आम्ही सर्वांनी खाल्ले. अभिजात भाषेतील हे कोश वर्गाच्या कागदावर मात्र अद्याप उतरले नाहीत. वर्गात कन्नड मुलगा असेल तर त्याच्यासाठी कन्नड शब्दही शेजारच्या रकान्यात द्यावेत. त्याने आमच्या मागणीला कसलाही उणेपणा येत नाही.

आता अवघड जागेकडे वळू. इतिहास किंवा राज्यशास्त्र शिकविणाऱ्याने भाषावार प्रांतरचनेच्या घटकाखाली काय वाचावयास सांगावे? १९४६ साली याच बेळगावच्या साहित्य संमेलनात संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला, हे सांगावेच. १ नोव्हेंबर १९५६ रोजी काय घडले, हेही सांगावे. पण त्याचबरोबर १९६७ चा महाजन आयोगाचा अहवाल मुळातून वाचावयास लावावा, असे आम्ही म्हणतो. आमच्यांतील काही कार्यकर्त्यांस हे रुचणार नाही. त्यांना आम्ही विचारतो, आयोगाने २६४ गावे महाराष्ट्राला, २४७ कर्नाटकाला देण्याची शिफारस करूनही बेळगाव शहर कर्नाटकातच का ठेवले, याची त्याची कारणे न वाचताच आपली मुले त्यांचे खंडन करणार कशी? बॅरिस्टर अंतुले यांनी त्या अहवालाची चिरफाड केली, ती अहवाल ओळीओळीने वाचून. महाराष्ट्राने २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. तेथे घोषणा चालत नाहीत, कागद चालतात. तो कागद वाचणारा वकील आणि अभ्यासक उद्या याच वर्गांतून निघावयाचा आहे. जो प्राध्यापक भीतीपोटी हा घटकच गाळतो आणि जो केवळ आपल्याच बाजूचे पुस्तक लावतो, ते दोघेही त्याला अर्धा कागद देतात. कर्नाटकच्या बाजूने शिकविणाऱ्यांनाही आमचे हेच सांगणे आहे. महाजन अहवालाखाली महाराष्ट्राचा आक्षेप छापा, म्हणजे झाले.

या कामाला वरून येणाऱ्या आदेशाची वाट पाहण्याचे कारण नाही. सीमाभागातील ज्या प्राध्यापकांनी असा कागद काढला असेल, त्यांनी त्याची एक प्रत आमच्या कचेरीत पाठवावी. परिभाषेचे पान आम्ही विषयवार याच अंकातून छापू. ज्यांना ते तयार करण्यास सवड नसेल, त्यांनी आपल्या पहिल्या घटकातील वीस इंग्रजी शब्द तरी लिहून धाडावेत. मराठी प्रतिशब्द शोधण्याचे काम आमच्याकडे राहील.