रेंज अडवते ती इमारत

‘इथं रेंज येत नाही, जरा बाहेर जाऊन बोला.’ साताऱ्याच्या पोवई नाक्यापासून सांगलीच्या विश्रामबागेपर्यंत व्यापारी संकुलांत हे वाक्य कानावर पडते आणि त्याचे समर्थनही लगेच होते. रेंज देणे मोबाइल कंपनीचे काम आहे, बिल्डरने भिंती, पाणी, वीज दिली की त्याची जबाबदारी संपली, असे सांगितले जाते. हा युक्तिवाद मुळातच चुकीचा आहे. बहुतेक वेळा कंपनीचा सिग्नल दारापर्यंत आलेला असतो, त्याला अडवते ती इमारत. सळयांचे दाट जाळे, दर्शनी भागाला लावलेली धातूचा मुलामा दिलेली काच, पत्र्याचे छत, जमिनीखालचे पार्किंग हे सारे बिल्डरने आणि त्याच्या आर्किटेक्टने ठरवलेले असते. ज्यांनी वाट अडवली, त्यांनीच ती मोकळी करून द्यायला हवी.

मग ‘आणखी टॉवर उभारा’ अशी मागणी होते. शेजारच्या गच्चीवर टॉवर आला तरी तळघरातल्या गाळ्याला त्याचा फारसा उपयोग नाही. शिवाय लहरीची वारंवारता जितकी जास्त, तितकी ती भिंतीत अधिक अडते. ९०० मेगाहर्ट्झची लहर जिथवर पोहोचते, तिथवर फाइव्ह-जीची ३५०० मेगाहर्ट्झची पोहोचत नाही. म्हणजे नवे तंत्रज्ञान येईल तसा प्रश्न आपोआप सुटेल, ही आशाही धरता येत नाही.

सांगली-तासगाव पट्ट्यातली बेदाण्याची कोल्ड स्टोरेज पाहा. दोन्ही बाजूंना पत्रा आणि मध्ये फोम, अशा पॅनेलच्या भिंती थंडी आत राखतात, पण तोच पत्रा रेडिओ लहरीही रोखतो. आत पेट्यांपाशी उभ्या असलेल्या माणसाला परगावच्या खरेदीदाराशी बोलायला प्रत्येक वेळी बाहेर यावे लागते. ही गैरसोय झाली, आणि व्यापारी ती सोसतात. पण आत काम करणाऱ्या हमालाचे काय? कित्येक कोल्ड स्टोरेजमध्ये थंडाव्यासाठी अमोनिया वापरतात. वायू गळला, दार अडकले किंवा कुणी पडले, तर खिशातल्या फोनवरून ११२ किंवा १०८ लागत नाही. त्या माणसाच्या जिवाचा हिशेब कोणत्याही खर्चाच्या तक्त्यात मांडलेला मला दिसलेला नाही.

मिरजेत हाच प्रश्न आणखी नाजूक होतो. १८९४ साली सुरू झालेल्या मिशन हॉस्पिटलपासून या गावाकडे कर्नाटकातूनही रुग्ण येत आले आहेत. रुग्णालयांतल्या एमआरआयच्या खोलीला लहरी रोखणारे आवरण मुद्दाम द्यावे लागते आणि ते राहिलेच पाहिजे. त्या खोलीबाहेरच्या तळघरातल्या मार्गिकेत मात्र रेंज का नसावी? वर डॉक्टर रक्ताची बाटली आणायला सांगत असतात आणि खाली बसलेल्या मुलाचा फोन ‘संपर्कक्षेत्राच्या बाहेर’ असतो.

‘वाय-फाय आहे ना,’ हे पुढचे उत्तर. ते गाळ्याच्या मालकापुरते खरे. दुकानात येणाऱ्या गिऱ्हाइकाला यूपीआयने पैसे द्यायचे असतात, बँकेचा ओटीपी हवा असतो, आणि प्रत्येक दुकानाचा पासवर्ड मागत फिरण्याची अपेक्षा त्याच्याकडून कुणी करू नये. वीज गेली आणि राउटरला बॅकअप नसला की तो आधारही जातो.

टॉवर-अँटेनांच्या किरणोत्सर्गाची भीती मनापासून बोलून दाखवणाऱ्यांना मी तुच्छ लेखत नाही. मात्र भारतात टॉवरसाठीची मर्यादा २०१२ पासून आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश आहे, आणि इमारतीच्या आत रेंज पोहोचवण्यासाठी छताला लावायचे छोटे अँटेना अगदी कमी शक्तीवर चालतात. रेंज क्षीण असली की उलट कानाशी धरलेला फोनच स्वतःची शक्ती वाढवतो.

खर्चाचा आक्षेप खरा आहे. चार गाळ्यांच्या इमारतीला अशा अँटेनांची मोठी यंत्रणा परवडणार नाही आणि तिची तिथे गरजही नसते. मोठ्या संकुलाने सर्व कंपन्यांना वापरता येईल अशी एकच सामायिक यंत्रणा बसवली, तर भार वाटला जातो. आज गाळेधारक नाइलाजाने सिग्नल वाढवणारे विनापरवाना बूस्टर आणतात. ते बेकायदा आहेत, आणि एकाच्या बूस्टरमुळे साऱ्या परिसराची सेवा बिघडू शकते.

दूरसंचार नियामक ट्रायने ऑक्टोबर २०२४ मध्ये इमारतींना डिजिटल जोडणीचे तारांकित मानांकन देणारे विनियम काढले. पाऊल चांगले आहे, पण मानांकन मागायचे की नाही हे मालकावर सोडले आहे. सातारा नगरपालिका आणि सांगली-मिरज-कुपवाड महानगरपालिका यांनी मोठ्या व्यापारी इमारतींच्या बांधकाम परवान्यातच केबलचे डक्ट, यंत्रणेची जागा आणि बॅकअप वीज यांचा आग्रह धरावा, आणि त्यासाठी नियमात बदल लागत असेल तर राज्य सरकारकडे तो मागावा. सांगलीत तरी ही यंत्रणा तळघरात नको. २००५, २०१९ आणि २०२१ मध्ये कृष्णेचे पाणी कुठवर चढले हे तिथल्या व्यापाऱ्यांना सांगावे लागत नाही, आणि पुरातच फोनची गरज सर्वांत मोठी असते. भोगवटा प्रमाणपत्रापूर्वी रेंज मोजली जावी, तीही प्रवेशद्वारात उभे राहून नव्हे, तर जिन्यात, लिफ्टमध्ये आणि तळघरातल्या शेवटच्या गाळ्यात, शटर ओढून. प्रत्येक कंपनीचे आलेले आकडे गाळा घेणाऱ्याच्या करारनाम्याला जोडावेत.