विश्लेषण : नांदेड-लातूरचा ‘व्हॅल्युअर’ कितपत स्वतंत्र?

नांदेडमधला प्लॉट असो वा लातूरच्या क्लासेस परिसरातले वसतिगृह, तारण ठेवून कर्ज मागितले की बँक मूल्यांकन अहवाल मागते. तो देणारा ‘व्हॅल्युअर’ बहुधा स्वतःचे कार्यालय चालवणारा स्थापत्य अभियंता असतो. तो बँकेचा नोकर नसतो, पण काम मिळते ते बँकेच्या पॅनेलमुळे. पेच इथेच आहे.

मान्यता कोण देते?

जुनी नोंदणी संपत्ती कर कायद्याच्या कलम 34 एबीखालची. हा कर 2015 मध्ये रद्द झाला, नोंदणी मात्र त्यानंतरही सुरू राहिली. कंपनी कायद्याच्या कामांसाठी 2017 मध्ये वेगळे नियम आले. त्यात परीक्षा द्यावी लागते आणि नोंदणी दिवाळखोरी मंडळाकडे (आयबीबीआय) होते.

रेडी रेकनर असताना अहवाल कशाला?

रेडी रेकनर मुद्रांक शुल्कासाठी असतो. रस्त्यालगतच्या आणि आतल्या गल्लीतल्या प्लॉटमधला सगळा फरक त्यात उतरत नाही. खरेदीखत पाहावे, तर रोखीने दिलेली रक्कम तिथे लिहिलेली नसते. मग दलाल आणि शेजाऱ्यांकडे विचारपूस करावी लागते. मराठवाड्यात कागदांचे कोडेही निराळे : निजामकाळातल्या इनाम जमिनी, 1954 ची खासरा पाहणी, एनए न झालेले गुंठेवारीचे प्लॉट. गुंठेवारी कायद्यातील 2021 च्या दुरुस्तीने 31 डिसेंबर 2020 पर्यंतच्या गुंठेवारीला नियमित होण्याची वाट मिळाली. त्यामुळे शेजारी-शेजारी असलेल्या दोन प्लॉटचे मोलही सारखे राहत नाही. हे कागद वाचता येणे हेच स्थानिक व्हॅल्युअरचे खरे भांडवल.

दबाव कुठून येतो?

शुल्क सहसा कर्जदाराच्या खिशातून जाते, काम बँक देते. कर्जदाराला आकडा मोठा हवा असतो, शाखेला कर्जवाटपाचे उद्दिष्ट गाठायचे असते. आकडा कमी लिहिणाऱ्याला पुढचे काम मिळेलच याची हमी नाही. रिझर्व्ह बँकेने 50 कोटी रुपये वा त्याहून अधिक मूल्याच्या मालमत्तेसाठी किमान दोन स्वतंत्र अहवालांची अट घातली आहे. नांदेड-लातूरची घरकर्जे या मर्यादेच्या जवळपासही जात नाहीत. तिथे बऱ्याचदा एकाच सहीवर निभावते.

फुगवलेला आकडा उघडा पडतो कर्ज थकल्यावर. सरफेसी कायद्याखालच्या लिलावात राखीव किंमत ठरवण्याआधी पुन्हा मूल्यांकन करून घ्यावे लागते. पहिल्या अहवालातली किंमत तेव्हा मिळाली नाही, तर उरलेल्या बाकीसाठी बँक कर्जदाराच्या आणि जामीनदाराच्या मागे लागते.